काकाजीचा पुकारा

देवळीपासून पार रोहण्यापावतर माझ्यासारखा सीधा तास, म्हंजे नांगराची रेघ, मारनारा नांगऱ्या नव्हता, कोनालेबी इचारा. असाच एक सीधा तास मी एका बाईच्या कबरीवरून मारला, अन् ते बाई जिवंतपनी मले पोटच्या पोरासारखं वागवे.

हसाचं असंन तर आताच हसून घ्या. पुढं मले राग येते, मंग मी कोनाचं ऐकत नाई.

मी शायेत गेलो नाई. शाया आमच्या घराच्या मांगंच होती. तिच्या भिंतीवर गोवऱ्या थापाचं काम माझ्याकडं होतं, तेवढाच माझा न् शिक्षणाचा संबंध. मोठा झालो तं पाटलाकडं सालदार म्हून लागलो. सालदार म्हंजे वर्षाचा गडी. वर्षभर पाटील म्हनन तिकडं पाय टाकाचा, अन् पाय कोनावर पडला ते पाहाचं नाई.

ज्याची बायको त्या कबरीत होती, त्या मानसाले आमी काकाजी म्हनो. वर्ध्याच्या कचेरीत तीस वर्षं चपराशी होता. जजसाहेब आत पंख्याखाली बसे, अन् हा वऱ्हांड्यात उभा राहून पुकारा दे, "अमका वल्द तमका, हाजिर हो!" तीन डाव. रिटायर होऊन बायकोसंग आमच्या गावी आला. गावात कवातरी मिशनचा एक लहान दवाखाना होता, तिथं त्याची बायको पयले आया होती. पुढं दवाखाना उठला, ख्रिस्ती घरं एकएक करून पुलगावले गेले, नागपूरले गेले. राह्यले हे दोघं, अन् गावाच्या कडंले त्याइचं कब्रस्तान. दहा-बारा कबरी, पाटलाच्या वावराले लागून.

बाईचं सांगतो. माझ्या पायात बाभयीचा काटा मोडला, पाय मडक्यावानी सुजला. घरच्याइनं बिबा लावला, तं पाय सुजला तो सुजला, वरतून भाजलाबी. बाईनं मले ओट्यावर बसवलं, सुई चुलीत लाल केली अन् काटा काढला. मी असा वरडलो का काकाजी घरातून भाईर आला अन् म्हने, "तीस वर्षं सरकारनं माझ्यावर वाया घातले. पुकाऱ्याले हा पायजे होता."

काकाजीचा एक काया कोट होता. वैशाखातबी आंगात तोच. त्याच्यावर लाल पट्टा. पट्ट्यावरचा पितयेचा बिल्ला सरकारनं परत घेतला होता, त्या जागी यानं कोटाचंच एक बटन तोडून शिवलं. म्हून कोटाले एक बटन कमी अन् पट्ट्याले एक जास्त. तशा थाटात तो भाजी आनाले जाय.

अन् नोकरी सुटली तरी पुकारा सुटला नाई. कोनी त्याचं वाईट केलं का काकाजी भांडत नसे, शिवी देत नसे. पट्टा लावून आपल्या आंगनात उभा राहे अन् पयले सोताचं नाव पुकारे, बापाच्या नावासकट. मंग ज्यानं वाईट केलं त्याचं. तीन डाव. सारा गाव ऐके. मंग धोतरानं तोंड पुसून घरात जाय अन् बायकोले म्हने, "गेलं वर." संपलं. त्या गोष्टीचं नाव परत काढाचं नाई. दुसऱ्या दिवशी तोच मानूस रस्त्यात भेटला तं हा त्याले राम राम करे, तमाखू दे.

एक डाव कोनाच्यातरी बकरीनं त्याचा कोहऱ्याचा येल खाल्ला. काकाजी पट्टा लावून उभा. "कायी बकरी! बापाचं नाव मालूम नाई! हाजिर हो!" आमी पोट धरून हासलो. बकरी हाजिर झाली ना पन! राह्यलेला येल खाऊन गेली.

मी इचारलं, "काकाजी, सोताचं नाव काऊन पुकारता? तुमी काय केलं?"

"गैरहजर लागू नये म्हून."

नीट सांगे नाई. एक डाव मातर सांगितलं. कचेरीत असताना त्यानं एका मानसाचा पुकारा देल्ला. तीन डाव. मानूस आला नाई. साहेबानं गैरहजर लिहिलं, जमीन दुसऱ्याच्या नावानं झाली. काकाजी भाईर येऊन पाह्यते तं मानूस लिंबाखाली बसला होता, फडक्यात भाकर बांधून, सकायपासून. बहिरा होता. "माझ्या नरड्यानं त्याची जमीन गेली," काकाजी म्हने. "साहेब चांगला होता. कायदाबी चांगला होता. मीबी काही लबाड नव्हतो. तरी गेली. तवापासून मानसाच्या न्यायावर माझा जीव नाई बसत."

"मंग कोनाच्या न्यायावर बसते?"

काकाजी बोट वर करे. त्याच्या धर्माच्या पुस्तकात म्हने लिहून ठेवलं हाय का बदला घ्याचा मामला देवानं आपल्या हाती ठेवला हाय, मानसानं त्यात हात घालू नये. "आपन फिर्यादी," तो म्हने. "फिर्याद्यानं फिर्याद कराव अन् घरी जाव. फैसला लिहाले बसू नये."

मले हे ऐकूनच आग लागे. अरे, ज्याच्या पाठीत लाथ बसली त्यानं घरी जाव? अन् लाथ मारनाऱ्यानं काय कराव, दुसरा पाय उचलाव? मी त्याले तोंडावर म्हनो, "काकाजी, हा धरम लाथा मारनाऱ्याइनं काढला असंन." तो हासे अन् तमाखू पुढं करे. मी तमाखू घेओ. रागावलेला मानूसबी तमाखू सोडत नाई.

आता पाटलाचं सांगतो. पाटलाकडं वावर काही कमी नव्हतं, पन त्याले धुरे कोराची सवय. दोन वावरांच्या मदातला बांध म्हंजे धुरा. दर साली नांगर थोडा पलीकडं सरकवाचा, बांधाची एक फाक कापाची. शेजाऱ्याले समजत नाई. समजलं तरी एका तासासाठी कोन कचेरीत जाते? पाच सालात दोन हात जागा इकडची तिकडं. अन् पाटील काही सोता नांगर धरत नव्हता. तो छत्री घेऊन धुऱ्यावर उभा राहे. नांगर कोनाच्या हातात, ते मी सांगतलंच हाय.

बाकीच्या शेजाऱ्याइचे तोंडं तरी होते, कब्रस्तानाले कोनाचं तोंड? पयल्या साली एक तास घेतला. दुसऱ्या साली दोन. मी म्हनलं, "मालक, तिकडं मुडदे हाय." पाटील म्हने, "मुडद्याइले पीक घ्याचं हाय का?" अन् मी हासलो. हे आयका. मी हासलो, काऊन का मालकानं गंमत केली अन् सालदारानं हासलं नाई तं कसं दिसते?

बाई मेल्याले तवा दोन साल झालते. आमच्या वस्तीतले लोक नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आले, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. काकाजीनं कबरीभवती पांढरे गोटे लावलते, डोक्याशी लाकडाचा क्रूस. क्रूसाले वायवी लागली, तो पडला. ढिगारा पावसानं बसला. पन गोटे होते. वैशाखातली दुपार, आंगाची लाही होऊन राह्यली, पाटील छत्रीखालून म्हने, "अजून एक तास घे."

"मालक, हे काकाजीच्या बायकोची..."

"तुले तास घे म्हनलं का नाव सांग म्हनलं?"

मी बैल थांबवले. आता तुमाले वाटंन का मी नांगर टाकून देल्ला. नाई. मी खाली वाकून ते पांढरे गोटे एकएक उचलले, बाजूले काडीकचऱ्यात नेऊन ठेवले, का बा नांगराचा फाळ बोथट होऊ नये. अन् मंग बैल हाकलले. तास असा सीधा गेला का पाटील म्हने, "वा रे पठ्ठ्या!" मले बरं वाटलं. लोकहो, मले बरं वाटलं!

काकाजी दर आयतवारी बायकोजवय जाय. कोट घालून, पट्टा लावून, डोक्याशी बसे अन् तिले आठवड्याची खबर सांगे. कोनाची गाय याली, कोनाचं लगन जमलं, शेजारनीनं कढी केलती ते खारट झालती. त्या आयतवारी मी बाजूच्या वावरात बैल चारून राह्यलो होतो. पयाले पायजे होतं, पन मी बैलाच्या मांगं झालो. काकाजी आला. उभा राह्यला. सारं कायंभोर नांगरलेलं. त्यानं कब्रस्तानाच्या कडंच्या लिंबापासून पावलं मोजाले सुरुवात केली. मोजे, थांबे, डोकं हालवे, परत लिंबापाशी जाय. तीन-चार डाव. मंग एका जागी ढेकलं सारखे करून बसला, टोपी मांडीवर ठेवली, अन् बोलाले लागला.

भलत्याच जागी बसला होता. बाई तिथून सात-आठ पावलं अलीकडं होती. मले मालूम होतं, त्या गावात मले एकट्यालेच मालूम होतं, का नांगर कुठं उचलला अन् कुठं टाकला. अन् मी बैलाच्या मांगं उभा राहून पाहून राह्यलो होतो. हे मी कोनाले सांगितलं नाई इतके वर्ष. बायकोलेबी नाई.

त्याच सांजी काकाजी आंगनात उभा राह्यला. गावाले समजलं होतं, सारे आपआपल्या ओट्यावर कान देऊन. पयले त्यानं सोताचं नाव पुकारलं. मंग पाटलाचं, पाटलाच्या बापाचं नाव लावून. तीन डाव. तिसऱ्या डावी आवाज फाटला. पाटील समोरच्या माडीवर बसला होता. तो मोठ्यानं म्हने, "हाजिर हाय म्हना त्याले! अन् बुढ्याले चहा पाठवा, नरडं सुकलं असंन!"

अन् खरंच चहा पाठवला. कपबशीत. सारा गाव खीखी हासला. ज्याइचे सोताचे धुरे कोरले होते तेबी हासले, लाज नाई त्याइले!

काकाजीनं काय कराव? चहा पेला. कप धुतला. सोता नेऊन पाटलाच्या ओट्यावर ठेवला अन् राम राम करून आला.

मले मस्तकात गेली. मी त्याच्या घरी जाऊन थयथय नाचलो. "काकाजी, तुमाले काही हाय का नाई? तुमच्या बायकोवरून नांगर गेला अन् तुमी त्याचा चहा पेता?"

"साखर जास्त होती," काकाजी म्हने.

"माझी चेष्टा करता? वर्ध्याले चला. तुमच्या वयखीचे वकील हाय. दरखास द्या!"

"वर गेलं, पोट्ट्या. आता खालच्या कोर्टात कसं चालंल?"

वर गेलं! मी रोज पाहो, वरतून काय येते ते. पाटलाचा बैल मरन, ईज पडन, निदान पाटलाले हगवन तरी लागन. काहीच नाई. त्या साली सार्‍या गावची पऱ्हाटी पिवयी पडली अन् पाटलाची कंबरेवर आली. त्याच्या पोट्ट्याले नोकरी लागली. पाटील मोटा झाला, आंगरखा उसवून घ्या लागला. अन् पुढचंबी सांगून टाकतो, म्हंजे तुमी आस धरून बसनार नाई. पाटील म्हातारा होऊन आपल्या खाटेवर मेला, नातवंडाइच्या हातून पानी पेऊन. मले इचाराचं हाय कोनालेतरी, का ज्याच्या कोर्टात काकाजीनं सारं टाकलं, तिथं कागद वाचते कोन? का तिथंबी पुकाऱ्याले कोनी आयकत नाई?

मी घरी हेच बोलत राहो. माझी बायको म्हने, "तुमाले एवढा राग हाय तं पाटलाच्या तोंडावर बोला. चुलीसमोर काऊन बोलता?" मी म्हनलं, बोलाचं काय, करूनच दाखवतो.

पाटलाची कडब्याची गंजी त्याच्या कोठ्याच्या मांगं होती. जवारीचा वायला कडबा, दोन मानूस उंच, गुरांचं उन्हायभराचं खानं. मी ठरवलं, आग लावाची. देवाले टाइम नाई, मले हाय. भर दुपारी, काऊन का दुपारी पाटील झोपे अन् मलेबी दुसऱ्या टायमाले फुरसत नव्हती. आता माझी अक्कल पाहा. माचिस कोनाकडून मांगाव? काकाजीकडून मांगलं.

"बिडी वढाची हाय?" काकाजी म्हने.

"नाई... हो..."

"तू तं तमाखू खाते."

मले खोटं बोलता येत नाई, म्हंजे पटकन येत नाई. मी सारं सांगून टाकलं. वाटलं, म्हातारा रडन, पाया पडन, नको म्हनन. काकाजी उठला, कोट घातला, पट्टा लावला, माचिस मले देल्ली अन् म्हने, "चाल."

"तुमी कुठं?"

"गवाह लागंल ना. आग कोनं लावली ते कोनीतरी पाह्यलं पायजे. मी खरं सांगीन, तुले मालूम हाय."

तो संग आला. गंजीपाशी सावलीत एका दगडावर बसला, जसं बाजारात बसते. म्हने, "लाव."

मी काडी काढली. काकाजी माझ्याकडं पाहून राह्यला. काडी मोडली. दुसरी काढली, ते इझली. त्याची नजर अशी होती का मले नाकाचा शेंबूडबी पुसता येत नव्हता. कोठ्यात माझे बैल बांधले होते. पाटलाचे, पन मीच चारे-पाजे, म्हून माझे. त्याइनं मले पाह्यलं अन् मान वर केली, कडबा टाकते का म्हून.

"कोन खाते हा कडबा?" काकाजी म्हने. "पाटील?"

"बैल."

"मंग आगीत पाटील कसा सापडला?"

मी माचिस खाली फेकली. मले रडूच आलं, रागाचं. "मंग पाटलाले कोनीच काही नाई कराव? तुमच्या मनात काहीच नाई? तुमाले राग येत नाई?"

आता पयल्या डावी काकाजीचा आवाज चढला. "येते! दर आयतवारी येते. मी त्या वावरात बसतो तं दोन्ही हातानं ढेकूय धरतो, का मारू कोनाच्या टकुऱ्यात. तुले काय वाटते, मी पुकारा गंमत म्हून देतो? तो मानूस माझ्या हातात ठेवला तं मी त्याले फाडून टाकीन, म्हून मी त्याले हातातून सोडलं. त्याचं काय कराचं ते वरचा पाहीन, आज पाहीन नाईतं मी मेल्यावर पाहीन, मले इचारू नको." मंग दम घेतला. आवाज खाली आला. "मले पाटील नाई पायजे रे. मले एवढं सांग, माझी बायको कुठं हाय? मी लिंबापासून मोजतो ते जमत नाई. दर आयतवारी वाटते, मी दुसऱ्याच कोनाशी बोलून राह्यलो."

माझं तोंड असं झालं का कोनी फाळ मारावा.

"तुमाले मालूम होतं?" मी म्हनलं. "नांगर माझा होता ते?"

"गावात तेवढा सीधा तास अजून कोनाचा हाय?"

मंग काय. मी घरून फावडं आनलं, टोपलं आनलं. पाटील झोपेतून उठला असंन, उठला नसंन, पाहात नाई बसलो. त्यापायी माझी सालदारी गेली ते गेलीच, जाऊ द्या. वावरात गेलो. लिंबाकडं पाह्यलंबी नाई. सीधा गेलो अन् जिथं मी बैल थांबवले होते तिथं फावडं टाकलं. काकाजी सात-आठ पावलं दूर आपल्या जागी उभा होता. त्यानं त्या जागेकडं पाह्यलं, मंग या जागेकडं पाह्यलं. हयूहयू चालत आला. काडीकचऱ्यातून मी गोटे शोधून आनले. दोन सापडले नाई. उनात पाठ जयून राह्यली होती, घाम डोयात जाय, अन् मी टोपले टाकत होतो, टाकत होतो, अन् मनातल्या मनात मी मले लई मोठा वाटाले लागलो. म्हनलं, आता काकाजी माफ करन, कदाचित डोक्यावर हात ठेवन, कदाचित माझ्या नावानं देवाले काही सांगन.

ढिगारा झाला. मी फावडं टेकवलं, घाम पुसला, मान खाली घातली अन् म्हनलं, "काकाजी, मी लई वाईट केलं. पन आता झालं ना? माफ केलं ना मले?"

काकाजी ढिगाऱ्याभवती एक चक्कर फिरला. पायानं माती दाबून पाह्यली.

"पायाकडं कमी पडली," तो म्हने. "दोन टोपले अजून आन."